संकरित कोंबडीची ‘जात’ कधी होते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोहोळ तालुक्यातल्या आमच्या मळ्यावर मी अकरा वर्षांपासून कोंबड्या पाळतो. त्यातली सात वर्षे एका कळपाची पैदास वहीत मांडून चालली आहे. सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात, लग्नाच्या पंगतीत, एस.टी.त, कुठेही कोंबडीचा विषय निघाला की लोक ‘संकर’, ‘क्रॉस’, ‘जात’ आणि ‘गावरान’ हे चारही शब्द एकाच अर्थाने वापरताना ऐकू येतात. त्या गोंधळात पैसेही जातात आणि चांगले पक्षीही जातात. म्हणून मला पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

असील (झुंजीच्या देशी जातीचा) कोंबडा गावरान कोंबड्यांत सोडला. पिल्ले एकसारखी निघाली. नवी जात झाली का?

नाही झाली. पिल्ले एकसारखी निघाली म्हणूनच माणूस फसतो. पहिल्या पिढीतल्या प्रत्येक पिल्लाला अर्धा वाटा बापाचा आणि अर्धा आईचा मिळतो, त्यामुळे सगळी एका साच्यातली वाटतात. खरी परीक्षा दुसऱ्या पिढीत होते.

माझ्याच घरचे सांगतो. असीलचा तुरा बसका, तीन कंगोऱ्यांचा असतो. त्याला वाटाणा तुरा म्हणतात. आमच्या गावरान कोंबड्यांचा तुरा एकेरी, करवतीसारखा उभा. पहिल्या पिढीत झाडून सगळ्यांना बसका तुरा आला. मी खूश होतो. पुढच्या वर्षी ह्याच पिल्लांची आपसात पैदास केली. ४३ पिल्ले तीन महिन्यांची झाली आणि मोजली, तर ११ जणांच्या डोक्यावर आजीचा उभा तुरा. कुणाची नडगी लांब, कुणाची आखूड. कुणी कावळ्यासारखे काळे, कुणी गव्हाळ. पहिल्या पिढीत जे झाकले गेले होते ते सगळे बाहेर आले.

ह्यात नवल काही नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये बेटसन आणि पनेट ह्या शास्त्रज्ञांनी तुऱ्यांवरच हे दाखवून दिले. गुलाब तुऱ्याचा आणि वाटाणा तुऱ्याचा पक्षी जोडला, तर पिल्लांना आईबापांपैकी कुणाचाच नाही, अक्रोडासारखा तिसराच तुरा येतो. त्या पिल्लांची आपसात पैदास केली की दर १६ पिल्लांमागे सरासरी ९ अक्रोड, ३ गुलाब, ३ वाटाणा आणि १ एकेरी. अक्रोड तुरा पाहून पहिल्याच वर्षी ‘नवी जात’ म्हणून पाटी लावली असती, तर दुसऱ्या वर्षी ती उतरवावी लागली असती.

मग जात म्हणायला नेमके काय लागते?

सारखीला सारखी जोडली की पिल्लेही त्याच वळणाची निघाली पाहिजेत, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या. हे पहिले. दुसरे, ते वळण शब्दांत लिहिता आले पाहिजे: तुरा, कल्ले (चोचीखाली लोंबणारे मांसल पाळ), कातडीचा आणि नडगीचा रंग, पिसांची नक्षी, वजन, अंड्याचा रंग, खुडूक (अंडी उबवायला) बसण्याची सवय. तिसरी गोष्ट लोक विसरतात. तो पक्षी एकाच घरात असून भागत नाही. चार-पाच घरी स्वतंत्रपणे वाढला पाहिजे, आणि त्या सगळ्यांचे ‘असा असेल तोच आपला’ ह्यावर एकमत असले पाहिजे. माझ्या खुराड्यात कितीही देखणे पक्षी असोत, ते फक्त माझ्याकडे आहेत तोवर तो माझा कळप आहे, जात नव्हे.

माझे तर ठाम मत झाले आहे की संकराने जात होत नाही. संकराने फक्त कच्चा माल मिळतो. त्यातले काय पुढच्या पिढीला ठेवायचे नाही, हे दरवर्षी न चुकता ठरवल्याने जात होते.

किती वर्षे लागतात?

तलंग (तरुण कोंबडी) सहाव्या महिन्याच्या आसपास अंड्यावर येते आणि पिल्लू २१ दिवसांत निघते, म्हणून वर्षात दोन पिढ्या काढता येतील असे कागदावर दिसते. पण कोंबडी किती अंडी देते, खुडूक बसते का, पिल्ले सांभाळते का, हे तिचे एक हंगामभर पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून पिढीला एक वर्ष धरा.

आता वरचाच तुरा घ्या. उभा तुरा दबून राहणारा गुण आहे. दोन्हीकडून आला तरच दिसतो, एकीकडून आला तर झाकून राहतो. दुसऱ्या पिढीत चारात एक पिल्लू उभ्या तुऱ्याचे निघते. ती सगळी बाजूला काढली, तरी तिसऱ्या पिढीत ९ मध्ये १ निघतेच. चौथ्या पिढीत १६ मध्ये १, पाचव्या पिढीत २५ मध्ये १. दहावी पिढी गाठली तरी शंभरात एक आहेच. डोळ्यांना दिसेल ते काढणे सोपे, दडलेले काढायला वेळ जातो. हा एका गुणाचा हिशेब झाला. रंग, नडगी आणि वजन त्यात धरले की काळ आणखी वाढतो.

वेळ वाचवायचा एक मार्ग आहे. पैदासीसाठी निवडलेला बसक्या तुऱ्याचा कोंबडा आधी उभ्या तुऱ्याच्या कोंबड्यांवर सोडून पाहा. त्याच्यात उभा तुरा दडलेला असेल तर निम्मी पिल्ले तशी निघतील. ओळीने सात-आठ पिल्ले बसक्याच तुऱ्याची निघाली, तर कोंबडा बहुधा साफ आहे. हे माझ्या आधी लक्षात आले असते तर माझी दोन वर्षे वाचली असती.

मान्यताप्राप्त जातीतही हा त्रास संपत नाही. अमेरिकेतल्या वायनडॉट जातीला १८८३ साली मान्यता मिळाली. तिचा तुरा गुलाब प्रकारचा असला पाहिजे. पण आजही त्यात अधूनमधून एकेरी तुऱ्याचे पिल्लू निघते. गुलाब तुरा दोन्हीकडून मिळालेल्या नरांची फलनक्षमता थोडी कमी असते, त्यामुळे दडलेला एकेरी तुरा कळपातून पूर्ण जात नाही.

संकरातून खरोखर जात झाल्याची उदाहरणे आहेत का?

भरपूर आहेत. आपल्याकडे घरोघर ‘आर.आय.आर.’ म्हणतात ती ऱ्होड आयलंड रेड घ्या. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर लिटल कॉम्प्टन नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिथल्या शेतकऱ्यांनी जहाजांतून आलेले तांबडे मलय कोंबडे, शांघायकडचे जाड पक्षी आणि लेगहॉर्न आपल्या घरच्या कोंबड्यांत मिसळले. नवी जात काढायला कुणी बसले नव्हते. अंडीही हवीत आणि कोंबड्याला वजनही हवे, एवढेच त्यांना हवे होते. तांबडे ठेवत गेले, बाकीचे खात गेले. सुमारे ५० वर्षांनी, १९०४ साली, एकेरी तुऱ्याच्या ऱ्होड आयलंड रेडला अधिकृत मान्यता मिळाली. १९२५ मध्ये तिथल्या ॲडम्सव्हिलमध्ये ह्या कोंबडीच्या नावाने दगडी स्मारकही उभे राहिले.

ऑर्पिंग्टनचे उलट आहे. ती एका माणसाने ठरवून केली. इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या विल्यम कुकने मिनोर्का, लँगशान आणि प्लायमाउथ रॉक मिसळून १८८६ मध्ये काळी ऑर्पिंग्टन लोकांपुढे आणली. तीच पुढे ऑस्ट्रेलियात गेली. तिथल्या लोकांनी अंड्यांवर भर देऊन निवड केली आणि तिची ऑस्ट्रालॉर्प झाली. १९२२-२३ मध्ये सहा ऑस्ट्रालॉर्प कोंबड्यांनी ३६५ दिवसांत १,८५७ अंडी दिली. मूळ रक्त तेच होते. देश बदलला, निवडीची नजर बदलली आणि वेगळी जात झाली.

मला सर्वांत जवळचे वाटते ते कॅनडातले शांतक्लेअर. क्यूबेकमधल्या ओका इथल्या मठात ब्रदर विल्फ्रेड शातलँ ह्यांनी १९०८ मध्ये कामाला सुरुवात केली. तिथल्या हिवाळ्यात मोठे तुरे गोठून झडतात, म्हणून तुरा आणि कल्ले जवळजवळ नसलेली, तरीही थंडीत अंडी देणारी कोंबडी त्यांना हवी होती. कॉर्निश, लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड, वायनडॉट आणि प्लायमाउथ रॉक अशा पाच जाती वापरल्या. दहा वर्षांनी, १९१८ मध्ये, पक्षी लोकांना दाखवले आणि १९२१ मध्ये मान्यता मिळाली. आधी गरज ठरली, मग पक्षी घडला.

आणि त्यातली कॉर्निश कुठून आली? इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये आपल्या असीलचे रक्त घालून ती झाली. तिचे जुने नावच ‘इंडियन गेम’. आजच्या ब्रॉयलरच्या घराण्यात कॉर्निश आहे. म्हणजे दुकानातल्या प्रत्येक ब्रॉयलरमध्ये असीलचा थोडासा वाटा आहे.

वनराजा, गिरीराज ह्या जाती नाहीत का?

नाहीत, आणि हे समजून घेतले तर पुष्कळ नुकसान टळेल. वनराजा हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची, गिरीराज बेंगळुरूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून आलेली. दोन्ही परसातल्या पालनासाठी मुद्दाम तयार केल्या आहेत आणि कामाला चांगल्या आहेत. पण त्यांच्या मूळ ओळी संस्थेत वेगळ्या सांभाळल्या जातात आणि दरवेळी त्यांच्या संकरातून पिल्ले काढली जातात. तुमच्या दारातली वनराजा पुढच्या पिढीत तशीच निघेल अशी ती बनवलेलीच नाही. ‘पहिली खेप झकास होती, त्यांचीच अंडी उबवली तर पिल्ले लहान-मोठी निघाली’ ही तक्रार मी किती वेळा ऐकली असेन. त्यात पिल्ले विकणाऱ्याचा दोष नाही. नवी खेप हवी असेल तर नवी पिल्ले आणावी लागतात.

मान्यता देते कोण?

प्रत्येक देशाचे वेगळे. अमेरिकेत १८७३ मध्ये अमेरिकन पोल्ट्री असोसिएशन स्थापन झाली आणि १८७४ मध्ये तिने जातींच्या मानकांचे पहिले पुस्तक काढले. नवी जात त्यात घालायची तर किमान पाच पैदासकारांनी किमान पाच वर्षे ती पैदास केलेली असावी लागते. मग प्रदर्शनात पक्षी मांडून परीक्षकांकडून तपासून घ्यावे लागतात. तिथला सगळा भर पक्षी लेखी वर्णनाशी किती जुळतो ह्यावर.

आपल्याकडे हे काम हरियाणातल्या कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे आहे. ही संस्था १९८४ ची. इथे प्रदर्शनातल्या देखणेपणाला महत्त्व नाही. हा पक्षी कोणत्या भागात आहे, किती आहे, कोण पाळते, शेजारच्या पक्ष्यांपेक्षा वेगळा कशात आहे, मोजमापे काय, उत्पादन काय, हे सगळे भरून द्यावे लागते आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची समिती निर्णय घेते. मंजूर झाले की जातीला नोंदणी क्रमांक मिळतो. आपली पंढरपुरी म्हैस आणि खिलार बैल त्याच यादीत आहेत. कोंबड्यांच्या सुमारे २० जाती नोंदलेल्या आहेत: असील, कडकनाथ, निकोबारी, घागस, मेवाडी, काश्मीर फेवरोला अशा. शेवटच्या नावात फ्रान्समधल्या फेवरोल जातीचे नाव ऐकू येते. बाहेरचे रक्त एखाद्या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या मुरले की ते तिथलेच होते.

महाराष्ट्राची नोंदलेली कोंबडी कोणती?

बसरा. नंदुरबारकडचा आदिवासी पट्टा आणि लागून असलेला गुजरात हा तिचा मुलूख. सोलापूर जिल्ह्याच्या नावावर म्हैस आहे, कोंबडी नाही.

जीआय म्हणजेच जातीची नोंदणी ना?

नाही. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते तिथल्या कोंबडीच्या मांसाच्या नावाचे संरक्षण आहे. कर्नालची नोंद वेगळी, ती पक्ष्याची ओळख आहे.

कडकनाथ म्हणून घेतलेली पिल्ले अस्सल आहेत का, कसे ओळखू?

ह्यात मी स्वतः फसलो आहे. एका हॅचरीतून ‘शुद्ध कडकनाथ’ म्हणून ६० पिल्ले आणली. पहिल्या दिवशी सगळी काळी. चौथ्या महिन्यात काही कोंबड्यांचे तुरे लाल व्हायला लागले. एकाला धरून पंखाखालची पिसे फुंकून बाजूला केली, तर कातडी राखाडी-पांढरी. पैसे गेले ते गेले, पण त्याआधी मी त्यातली काही पिल्ले शेजारच्या मावशींना ‘अस्सल आहेत’ म्हणून दिली होती, ते फार लागले.

बघायचे ते असे: तुरा, कल्ले, जीभ, टाळू, नडगी, नखे आणि पिसांखालची कातडी, सगळीकडे काळसर छटा हवी. पिसे पूर्ण काळीच हवीत असे नाही, सोनेरी आणि पट्ट्यांचा प्रकारही कडकनाथच. अंडे काळे नसते, फिकट बदामी असते. काळ्या अंड्याची गोष्ट कुणी सांगितली तर तिथून निघा.

पण एवढ्याने संपत नाही. काळेपणाचा गुण प्रबळ आहे, आणि त्याला दाबणारा दुसरा गुण आर.आय.आर.सारख्या जातींत असतो. तो लिंगाशी जोडलेला आहे. म्हणून कडकनाथ कोंबडा आणि आर.आय.आर. कोंबडी जोडली, तर तलंगा बापासारख्या काळ्या निघतात आणि कोंबडे फिके. काळ्या तलंगा ‘कडकनाथ’ म्हणून खपवता येतात आणि वरवर पाहून कुणालाही कळत नाही. कळते ते पुढच्या पिढीत. म्हणून जिथे आईबापांचा कळप दाखवतात तिथूनच पिल्ले घ्या.

डीएनए तपासणीने लगेच कळेल ना?

शास्त्रज्ञांना कळपांमधला फरक मोजायला ती उपयोगी पडते. दारातली एक कोंबडी अस्सल की नाही हे तिच्यावरून ठरवायला तुलनेसाठी त्या जातीची खात्रीची माहिती हाताशी लागते. आपल्या कामाला वही आणि नजर पुरते.

सगळी पिल्ले एकाच रंगाची निघालीच पाहिजेत का?

जातीच्या वर्णनात काय लिहिले आहे त्यावर आहे. निळी अँडालुशियन ही जुनी, मान्य जात. पण निळ्याला निळी जोडली तर निम्मी निळी, पाव काळी आणि पाव ठिपक्यांची पांढुरकी निघतात. तो निळा रंग कधीच स्थिर होत नाही, कारण तो एकेरी वाट्यानेच येतो. तरी ती जात आहे, कारण हे वागणेही पिढ्यान्‌पिढ्या तेच असते.

सोलापुरात काही करायचे तर कशासाठी करावे?

उन्हासाठी. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो तेव्हा भारी अंगाचे पक्षी चोच उघडून धापा टाकत बसतात, अंडी कमी होतात, कोंबड्या मरतात. माझा कळप उघड्या मानेच्या गावरान कोंबड्यांचा आहे. मानेवर पिसे नसली की अंगातली उष्णता लवकर बाहेर पडते. ह्या गुणाची सोय अशी की दडलेला वाटा डोळ्यांना दिसतो. गुण दोन्हीकडून आला असेल तर मान पूर्ण उघडी असते. एकीकडूनच आला असेल तर मानेच्या पुढच्या बाजूला, खालच्या अंगाला, पिसांचा छोटा झुबका राहतो. पिल्लू हातात घेऊन अंगठ्याने मान चाचपली की हिशेब कळतो. उभ्या तुऱ्यासारखी वर्षे घालवावी लागत नाहीत.

दुसरी अट मी मामीकडून घेतली. ती कोंबडी निवडताना अंडी मोजत नाही, ‘रवणाला बसती का आन्‌ घारीला बघून पिल्लं पंखाखाली घेती का’ हे बघते. जास्त अंड्यांच्या जातींत खुडूक बसणे मुद्दाम काढून टाकले आहे. ज्यांच्या घरी इनक्युबेटर नाही त्यांना खुडूक बसणारी कोंबडीच हवी.

एक चांगला कोंबडा पुरेल ना?

पिल्ले काढायला पुरेल, जात सांभाळायला नाही. एका कोंबड्यावर १० कोंबड्या असतील, तर प्रत्येक पिल्लाचा अर्धा वाटा त्या एकाच बापाचा, म्हणून रक्ताच्या हिशेबाने तो कळप जेमतेम चार पक्ष्यांइतकाच भरतो. ५ कोंबडे आणि ५० कोंबड्या असतील तर १८. पण १० कोंबडे आणि ४० कोंबड्या ठेवल्या, तर पक्षी कमी असूनही ३२. निदान ५० चे बळ असावे असे तज्ज्ञ सांगतात. नाहीतर चार-पाच पिढ्यांत अंडी न फळणे, पिल्ले अशक्त निघणे सुरू होते, आणि माणसे म्हणतात ‘जात उतरली’.

एका घराला हे परवडत नाही. आम्ही चार घरे मिळून करतो. कोंबड्या ज्याच्या त्याच्याकडेच राहतात. दरवर्षी माझ्याकडचे नर दुसऱ्या घरी, त्यांचे तिसऱ्याकडे, तिसऱ्याचे चौथ्याकडे, चौथ्याचे माझ्याकडे. आलेला कोंबडा तीन आठवडे वेगळ्या खुराड्यात ठेवतो. मानमोडीची लस टोचलेली नसेल तर घेतच नाही. एकदा ह्या बाबतीत ढिलाई केली आणि आठवड्यात अर्धे खुराडे रिकामे झाले.

निवडीत न बसलेल्या पक्ष्यांचे काय करता?

खातो, विकतो. पैदासीत ठेवत नाही आणि विकताना ‘हा निवडीतला नाही’ हे सांगतो.

शुद्ध रक्त म्हणजे काय हो, शेवटी?

कोंबडी मुळात तांबड्या रानकोंबड्यापासून आली. पण तिच्या पिवळ्या कातडीचा गुण राखी रानकोंबड्याकडून आला असे २००८ मध्ये संशोधकांनी दाखवले. हा राखी रानकोंबडा आपल्या सह्याद्रीत राहतो, पहाटे त्याची बांग ऐकू येते. म्हणजे पिवळ्या नडगीची कोंबडी मुळातच मिश्र आहे. तेव्हा शुद्ध म्हणजे न मिसळलेले असा अर्थ घेऊ नका. मिसळल्यानंतर किती पिढ्या सांभाळले, तेवढेच मोजायचे. ‘असील’ आणि आपला ‘अस्सल’ हे दोन्ही शब्द अरबीतल्या एकाच मुळापासून आले आहेत.

आमची गावरान ही जात आहे का?

नोंदीने नाही. गावरान हा मिश्र कळप आहे आणि दर दहा-वीस कोसांवर तो बदलतो. पण त्यात उन्हाचा, रोगाचा, घार-मांजराचा शेकडो वर्षांचा चाळणा लागलेला आहे. आपण ‘सुधारणा’ म्हणून प्रत्येक गावात आर.आय.आर.चा कोंबडा सोडत गेलो, तर नोंदायला उद्या काही उरणार नाही. संकर करायचाच तर वेगळ्या खुराड्यात करा. गावातल्या एका तरी वस्तीवर जुना कळप तसाच राहू द्या.

वही कशी ठेवायची?

शंभर पानी, रेघांची. प्रत्येक पक्ष्याच्या पायात रंगीत रिंग, त्यावर क्रमांक, आणि वहीत त्याची एक ओळ: आई, बाप, जन्म, मान, तुरा, नडगी, पहिले अंडे, रवण, शेरा. माझ्या वहीतली एक ओळ अशी आहे:

‘हिरवी १४. आई हिरवी ३, बाप पिवळा २ (चौथ्या घरचा). जन्म दिवाळीनंतरचा. मान पूर्ण उघडी. तुरा एकेरी. नडगी पिवळी. पहिले अंडे सहा महिने चार दिवस. रवणाला दोनदा बसली, १३ अंड्यांतून ११ पिल्ले. मे महिन्यात अंडी बंद झाली नाहीत. ठेवायची.’